सुवार्ता पुस्तिका आणि घडीपत्रक : प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

९ जून २०२५

दोन गोष्टी छापायच्या आहेत. येशूच्या दृष्टांतांची ३२ पानी पुस्तिका, डेमी १/८ आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच), ५,००० प्रती. सोबत दोन घड्यांचे, सहा बाजूंचे पत्रक, १०,००० प्रती. ३० नोव्हेंबरला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार आहे, त्याआधी गठ्ठे मंडळ्यांच्या (चर्चच्या) हातात हवेत.

तारखा मागून पुढे मोजल्या. दसऱ्यानंतर छापखान्यांत दिवाळीची कामे, कॅलेंडरे, लग्नपत्रिका यांची गर्दी असते आणि लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात यंत्रावर माणूस मिळत नाही. म्हणून नवरात्राआधी, सप्टेंबरच्या मध्यावर छपाई उरकायची. म्हणजे छपाई पावसाळ्यातच होणार. कोल्हापूरची ओल कागदाला सोसत नाही, पण तिचा बंदोबस्त करता येतो. हुकलेली तारीख मात्र परत मिळत नाही.

सगळ्या निर्णयांना एकच कसोटी लावायची: हे पान वाचणारा घरी एकटा वाचणार आहे. समजावून सांगायला शेजारी पाळक नसेल, प्रश्न विचारायला कोणी नसेल. जे पानावर नाही ते त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.

१७ जून

मजकूर ठरला. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातले तिन्ही दृष्टांत पूर्ण: हरवलेले मेंढरू (३ ते ७), हरवलेले नाणे (८ ते १०), उधळ्या पुत्र (११ ते ३२). नंतर चांगला शोमरोनी (लूक १०:२५-३७), परूशी आणि जकातदार (लूक १८:९-१४), द्राक्षमळ्यातले कामकरी (मत्तय २०:१-१६), पेरणारा (मत्तय १३:१-२३). शेवटी येशूचे मरण आणि पुनरुत्थान थोडक्यात, प्रभूची प्रार्थना, आणि पुढे काय वाचावे याचे एक पान. त्या पानावर आधी मार्कचे शुभवर्तमान सुचवले आहे. सोळाच अध्याय आहेत, चार बैठकींत सहज वाचून होतात.

वचन, म्हणजे बायबलचा मजकूर, जसेच्या तसे पूर्ण छापायचे, आपले विवेचन खाली वेगळे. दोन्हींची सरमिसळ झाली की वाचकाला प्रभूचे शब्द कोणते आणि आमचे कोणते हे कळत नाही. हा फरक पानावर डोळ्यांना दिसला पाहिजे: वचनाला डावीकडे उभी रेघ, विवेचनाला नाही.

भीती घालणारी वाक्ये घ्यायची नाहीत. दुसऱ्या कोणाच्या देवाबद्दल, उपासनेबद्दल एक शब्दही नाही. आजार जाईल, नोकरी लागेल असे आश्वासन नाही. ख्रिस्ताची ओळख करून द्यायला यातल्या कशाचीच गरज नाही, आणि खोटे आश्वासन छापणे हे पापच आहे.

२६ जून

हक्कांचे काम. आज मंडळ्यांत वाचला जाणारा बायबल सोसायटी ऑफ इंडियाचा मराठी मजकूर हक्कसंरक्षित आहे. परवानगीच्या पत्रात चार गोष्टी लिहायच्या: कोणती आवृत्ती, कोणती वचने (अध्याय आणि ओवीसह), किती प्रती, विक्री की मोफत वाटप. परवानगी आली की श्रेयाची ओळ त्यांच्याच शब्दांत, दुसऱ्या पानावर.

उत्तर लांबले तर दुसरी वाटही आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले भाषांतर हक्कमुक्त आहे. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि भारतात हक्क निधनानंतर ६० वर्षे चालतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापले गेले, छपाईचे खिळे जुळवायला तिथल्याच मुली आणि बाया होत्या. साध्या, कमी शिकलेल्या बाईला कळावे हाच त्या भाषांतराचा हेतू होता, त्यामुळे आमच्या कामाशी त्याचे नाते जवळचे आहे. तरीही शंभर वर्षांपूर्वीची वाक्यरचना आजच्या कॉलेजातल्या मुलाला अडते, म्हणून पहिली पसंती चालू आवृत्तीलाच.

८ जुलै

कच्चा मजकूर मंडळीबाहेरच्या वाचकांकडून मोठ्याने वाचून घेतला. कोणी काही समजावून सांगायचे नाही. वाचक जिथे थांबतो, मागे जातो किंवा आवाज खाली आणतो, तिथे पेन्सिलीची खूण. ‘समजले का?’ असे विचारू नये, सगळे ‘हो’च म्हणतात. ‘हे शेजारच्याला कसे सांगाल?’ असे विचारावे.

अडलेल्या जागा: ‘तारण’ (पापापासून सुटका) म्हटले की सोने ठेवून काढलेले कर्ज आठवते. ‘मंडळी’ म्हणजे घरची माणसे. ‘जकातदार’ म्हणजे नाक्यावरचा साधा नोकर वाटतो, लोक त्याचा तिरस्कार का करत हे कळत नाही. परूशी कोण ते अजिबात कळत नाही. वचनात हे शब्द राहणार, त्यांना हात लावायचा नाही. विवेचनात मात्र पहिल्या उल्लेखालाच एका वाक्यात उलगडा: जकातदार हा रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून कर गोळा करी आणि वर स्वतःचे काढी. परूशी नियमशास्त्र काटेकोर पाळणारा, समाजात मान असलेला. एवढे कळले की मंदिरातल्या त्या दोघांच्या प्रार्थनांची उलथापालथ, म्हणजे परूशाऐवजी जकातदार देवाला मान्य होणे, आपोआप लक्षात येते.

द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात ‘दिनार’ला तळटीप: एका दिवसाची मजुरी. या दृष्टांतावर वाचक सर्वांत जास्त बोलले. सकाळपासून राबलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला सारखीच मजुरी, हे ऊसतोडीचा हिशेब माहीत असलेल्या माणसाला खटकतेच. विवेचनात तो राग मऊ करू नये. दृष्टांत तिथेच बोट ठेवतो.

१९ जुलै

अक्षरजुळणी. मजकुराचा काही भाग जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला होता. तो बदलून घेताना ठरावीक जागी मोडतोड होते: पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, रफार भलत्या अक्षरावर बसतो, ‘रु’ आणि ‘रू’ यांची अदलाबदल होते, आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. शेवटची चूक सर्वांत घातक, कारण नजर तिच्यावरून सहज घसरते. ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’, ‘पेरणाऱ्या’ आणि विशेषतः ‘तिसऱ्या दिवशी’ हे शब्द शोध-आज्ञेने एकेक करून तपासायचे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे अध्याय आणि ओवी यांच्यामध्ये अपूर्णविरामाऐवजी विसर्ग. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण विसर्ग आधीच्या अक्षराला चिकटतो आणि अंतर बिघडते. सगळे संदर्भ एकदम बदलून घेतले.

मांडणी इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये करताना परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय लावावाच लागतो. नाहीतर जोडाक्षरे सुटी होतात आणि वेलांट्या जागा सोडतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ ठेवायची, म्हणजे ज्या टंकात (फाँटमध्ये) सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. टंक म्हणून शोभिका घेतला. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला आहे, मुक्त परवान्याचा आहे आणि जोडाक्षरे भक्कम आहेत.

मापे: अक्षर १४ पॉइंट, ओळीची उंची २० पॉइंट. देवनागरीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार असल्याने १४ वर १६ ठेवले तर ओळी एकमेकींत अडकतात. पान साडेपाच बाय साडेआठ इंच, वर १६ मिमी, खाली २०, बांधणीकडे १७, बाहेर १५. ओळीची लांबी १०८ मिमी येते, पानावर २५ ओळी, साधारण सव्वादोनशे शब्द. उजवी कड सरळ करायची नाही. मराठी शब्द लांब असतात, जबरदस्तीने ताणले की पानभर पांढऱ्या भेगा दिसतात.

१२ पॉइंटला उतरलो असतो तर चार पाने वाचली असती. पण हे वाचणाऱ्यांत चष्म्याचा नंबर वाढलेले, संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या उजेडात वाचणारे बरेच असणार. पाने वाचवायची ती विवेचन कमी करून, अक्षर लहान करून नाही.

४ ऑगस्ट

मुद्रितशोधन तीन वेगवेगळ्या हेतूंनी, तीन वेगळ्या लोकांकडून. एक जण फक्त वचने पाहतो: त्याच्या हातात छापील बायबल, सोबतचा मदतनीस मोठ्याने वाचतो, विरामचिन्हासकट. दुसरा फक्त शुद्धलेखन. तिसरा फक्त आकडे: पान क्रमांक, अध्याय, ओव्या, अनुक्रमणिका. एकाच माणसाने सगळे पाहिले की तो अर्थाच्या ओघात आकडे सोडून जातो.

पुस्तिकेत या भागातल्या ख्रिस्ती कामाच्या इतिहासाचे एक पान असावे अशी मागणी आली. माहिती मोलाची आहे: मिशनरी विल्यम केरी यांच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत १८०५ मध्ये आणि बायबलचा नवा करार १८११ मध्ये निघाला. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंगातून ख्रिस्त मराठी घरात नेला. पण नव्या वाचकाच्या हातातले पहिले पुस्तक ख्रिस्ताबद्दल असावे, आमच्याबद्दल नाही. इतिहासाचे वेगळे पत्रक करता येईल. पान वगळले.

१८ ऑगस्ट

कागद. आतल्या पानांना ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला छपाईचा कागद, २३ बाय ३६ इंच. ६० जीएसएम स्वस्त पडतो, पण १४ पॉइंटची ठळक देवनागरी पाठीमागून दिसते आणि वाचताना त्रास होतो.

हिशेब: मोठा कागद अर्धा कापून १८ बाय २३ होतो. त्याच्या एका बाजूला ८ पाने, दोन्ही मिळून १६ पानांचा एक फर्मा. ३२ पानांना दोन फर्मे. ५,००० प्रतींना १०,००० अर्धे कागद, म्हणजे ५,००० पूर्ण कागद, १० रीम (एका रीममध्ये ५०० कागद). वाया जाणारा धरून ११ रीम. एका रीमचे वजन सुमारे पावणेएकोणीस किलो, म्हणजे टेम्पोत दोनशे किलोंच्या वर. टायटलला (मुखपृष्ठाला) १७० जीएसएम आर्ट पेपर, एका अर्ध्या कागदात चार टायटल, वायासह १,४०० अर्धे कागद. पत्रकाला ९० जीएसएम मॅपलिथो, साडेआठ बाय अकरा इंच. तेही अर्ध्या कागदात चार बसते, अडीच हजार अर्ध्या कागदांचा हिशेब, अधिक वाया.

ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, पाहून घ्यायचा. तो ३६ इंचाच्या बाजूने हवा, म्हणजे तिन्ही कामांत घडी ग्रेनच्या दिशेने येते. आडव्या ग्रेनवर आर्ट पेपर घडीला तडकतो आणि पुस्तिका बंद राहत नाही. तपासणी सोपी: कागदाचा तुकडा एका बाजूने ओला करावा, तो नळीसारखा वळतो. नळीची लांबी ज्या दिशेला तोच ग्रेन.

३ सप्टेंबर

चित्रे. शाईच्या रेघांची, सावल्या नसलेली. मेंढपाळ घोंगडीवाला धनगर काढावा अशी एक सूचना होती. वाचकाला जवळचा वाटेल हे खरे, पण गोष्ट पॅलेस्टाइनमधली आहे आणि तिची भूमी तीच ठेवली. मेंढरू खांद्यावर घेतलेला माणूस इथेही ओळखीचाच आहे.

रेखाचित्रे १२०० डीपीआयला (दर इंचात १२०० ठिपके), निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. राखाडी छटेत स्कॅन केली तर कडांना ठिपके येतात.

टायटलच्या मागे क्यूआर कोड, नव्या कराराचे वाचन ऐकता येईल अशा पानाचा. बाजू २२ मिमी, पांढऱ्यावर काळा, चारही बाजूंनी कोडच्या चार चौकोनांएवढी मोकळी जागा. मधल्या कंपनीचा आखूड दुवा वापरायचा नाही. ती सेवा बंद पडली की पाच हजार प्रतींवरचा कोड मरतो. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी टपालाचा पत्ता आणि हे काम करणाऱ्या समितीचा सामायिक फोन नंबर. कोणाचाही खासगी नंबर छापायचा नाही.

मुद्रणनोंद दुसऱ्या पानावर पूर्ण: प्रकाशक, मुद्रक, दोघांचे पत्ते, आवृत्ती, प्रती. निनावी पत्रकावर विश्वास कोण ठेवणार? पुस्तिकेवर ५ रुपये किंमत, पत्रक मोफत. किंमत खर्चाच्या खाली आहे, पण वाचकाने स्वतः उचलून घेतलेले पुस्तक वाचले जाते, शिवाय कोणाला काही देऊन ओढले असे म्हणायला जागा राहत नाही.

१२ सप्टेंबर

पीडीएफ छापखान्याकडे. पाठवण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या. मजकूर निव्वळ काळ्यात आहे ना: वर्डमधून आलेला मजकूर बरेचदा चार रंगांच्या मिश्रणाने काळा झालेला असतो आणि छपाईत अक्षरांना रंगीत सावली पडते. फाँट फाइलमध्ये समाविष्ट आहेत ना: नाहीतर छपाईच्या प्लेटवर अक्षरांऐवजी चौकोन येतात. आतल्या पानांना चार प्लेट, टायटलला चार.

फर्म्याची कोरी घडी हाताने घालून पानांवर क्रमांक लिहिले आणि मांडणीशी ताडून पाहिले. दोन फर्मे एकात एक घालायचे असल्याने बाहेरच्यात १ ते ८ आणि २५ ते ३२, आतल्यात ९ ते २४ येतात. फर्मे एकापुढे एक ठेवायच्या हिशेबाने लावले तर १७ वे पान भलतीकडे जाते.

१७ सप्टेंबर

छपाई. दोन दिवस आधी रीम यंत्राजवळ आणून, वेष्टन न फोडता ठेवल्या. लगेच फोडल्या तर कागदाच्या कडा दमट हवा ओढून घेतात, मधला भाग कोरडाच राहतो, कडांना लाटा येतात. मग यंत्र दोन कागद एकदम ओढते किंवा घडी पाडते, आणि टायटलचे चार रंग एकमेकांवर बसत नाहीत. लागेल तेवढीच रीम फोडायची, उरलेली पुन्हा प्लास्टिकमध्ये.

आर्ट पेपरवर शाई पावसाळ्यात सावकाश सुकते. छापलेले टायटल कमी उंचीच्या थरांत ठेवले, पावडर मारली, कटिंगआधी दोन दिवस थांबलो. घाई केली की वरच्या कागदाच्या पाठीवर चित्राचा डाग उमटतो. फाउंटनच्या, म्हणजे यंत्रातली प्लेट ओली ठेवणाऱ्या, पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप) ४.५ ते ५.५ मध्ये. तो फार खाली गेला की शाईचे सुकणे आणखी लांबते.

पहिले चांगले कागद निघाल्यावर यंत्र थांबवून ‘तिसऱ्या दिवशी’ची ओळ, क्यूआर कोड आणि पत्ता छापील कागदावरच तपासले. प्लेट बदलायची ती याच क्षणी, हजार कागद झाल्यावर नाही.

२५ सप्टेंबर

बाइंडिंग. तिसऱ्या घडीला आत हवा कोंडून वरच्या कोपऱ्यात चुण्या पडत होत्या. आधीच्या घडीवर छिद्रांची रेघ मारल्यावर थांबल्या. मधोमध दोन पिना, वरून आणि खालून ५ सेंटिमीटरवर, तार जस्ताचा मुलामा असलेली. साध्या लोखंडी पिना एका पावसाळ्यात गंजून पानावर तांबडा डाग सोडतात. आठ दुहेरी पाने एकात एक बसल्याने मधली पाने पाऊण मिलिमीटर बाहेर येतात. कटिंगला तेवढे जाते, बाहेरचा समास १५ मिमी असल्याने अक्षरांना धक्का नाही.

पत्रकाची घडी: २७९ मिमी लांबीचे भाग ९४, ९४ आणि ९१. आत जाणारा भाग ३ मिमी कमी नसेल तर तो कोपऱ्यात दुमडतो.

८ ऑक्टोबर

प्रतीचे वजन ४४ ग्रॅम. शंभरचा गठ्ठा ४.४ किलो, कोणालाही एका हाताने उचलता येतो, म्हणून गठ्ठे शंभरचेच. ब्राऊन पेपर, त्यावर प्लास्टिक. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर. थेट फरशीवर ठेवलेला खालचा गठ्ठा ओल धरतो आणि वाळवीची सुरुवात तिथूनच होते. डांबरगोळ्या ठेवल्या नाहीत, वास पानांना लागतो. कडुलिंबाचा पाला ठेवला.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. पुस्तिकाही त्यात येते. करवीर नगर वाचन मंदिरासाठी प्रती बाजूला काढल्या. तिथे ग्रंथपालांना विचारून द्यायच्या, टेबलावर ठेवून यायचे नाही.

१० नोव्हेंबर

वाटपाचे नियम लिहून प्रत्येक गठ्ठ्यात घातले. राज्यघटनेच्या कलम २५ ने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. हक्क आहे म्हणून कुठेही उभे राहावे असे नाही. अंबाबाईच्या मंदिराचा परिसर आणि जोतिबाची वाट इथे वाटप नाही. दुसऱ्याच्या भक्तीच्या दारात जाऊन आपले पत्रक देणे प्रीतीला धरून नाही. शाळेच्या फाटकावर नाही, मुलांच्या हातात पालकांशिवाय नाही. दवाखान्यात व्यवस्थापनाची लेखी परवानगी असेल तर प्रतीक्षा कक्षात, खाटेपाशी कधीच नाही. एसटी स्थानकाच्या आवारातही परवानगी घेऊनच. मोटारींच्या वायपरखाली खोचायचे नाही, ते रस्त्यावरच पडते आणि त्यावर वचन छापलेले असते.

हात पुढे करायचा, समोरचा ‘नको’ म्हणाला तर नमस्कार करून बाजूला व्हायचे. वाद घालू पाहणाऱ्याला उत्तर द्यायचे नाही. खरे प्रश्न विचारणाऱ्याला बसवून वेळ द्यायचा. नवा करार मागणाऱ्यालाच द्यायचा, आणि त्याचे नाव-पत्ता त्याने स्वतः लिहून दिला तरच नोंदवायचा. ती वही समितीबाहेर जाणार नाही.

३० नोव्हेंबर

मंडळ्यांकडे गठ्ठे पोहोचले, उपासनेनंतर मेज मांडले. मेजावर पुस्तिका उभ्या ठेवल्या तर लोक उचलून चाळतात, आडव्या थप्पीला हात लावत नाहीत. मेजामागे एकच माणूस पुरे, तिघे उभे राहिले की येणारा बिचकतो.

सर्वांत चांगले वाटप सभासदांच्या हातून होते असे दिसते: ओळखीच्या शेजाऱ्याला, फराळाच्या ताटाबरोबर, ‘नाताळ का साजरा करतो ते यात आहे’ एवढे सांगून. म्हणून प्रत्येक कुटुंबाला पाचच प्रती. पंचवीस दिल्या की त्या कपाटात राहतात.

२२ डिसेंबर

आलेली पत्रे आणि फोन तारखेनुसार नोंदवले. उत्तर आठवड्याच्या आत, हाताने लिहिलेले. सर्वाधिक विचारणा उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावाबद्दल: शेवटी तो मेजवानीला आत गेला का? लूक ते सांगत नाही, आणि उत्तरातही आपण ते ठरवू नये. बाप बाहेर येऊन त्याला विनवतो, तिथेच प्रश्न वाचकाकडे सोडावा.

दुसऱ्या आवृत्तीसाठी: पान ११ वर तळटीप वचनाच्या फार जवळ आहे, ४ पॉइंट खाली घ्यावी. पेरणाऱ्याच्या चित्रात वाट आणि काटेरी जमीन वेगळी दिसत नाही, पुन्हा काढून घ्यावे. पत्रकावर फोनची वेळ छापावी, लोक रात्री उशिरा फोन करतात. प्लेट जपून ठेवण्याची गरज नाही, फाइल, फाँट आणि परवानगीचे पत्र एकाच फोल्डरमध्ये, दोन ठिकाणी. नव्या छपाईला परवानगी नव्याने मागावी, कारण आधीची ५,००० प्रतींपुरती आहे.